मसुऱ्याच्या खाडीकाठचा चिखल एवढा महत्त्वाचा का?

मालवण तालुक्यातलं मसुरे गाव गड नदीच्या काठी वसलंय. पुढे ही नदी कालावलच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. ओहोटी लागली की काठचा काळा चिखल उघडा पडतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. ही घाण नाही, तर खाडीकाठची जमीन तयार होण्याची जागा आहे.

हा चिखल साठतो कसा?

पावसाळ्यात नदी सह्याद्रीतून बारीक माती आणते. खाऱ्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. तिवर, कांदळ, मारांडी यांच्या खोडामुळांत पाण्याचा वेग मंदावतो, म्हणून तिथे गाळ जास्त साठतो.

मग वास कसला?

चिखलात थोडं खाली गेलं की ऑक्सिजन नसतो. तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. अशा जागी पालापाचोळा फार हळू कुजतो, त्यामुळे त्यातला कार्बन शेकडो वर्षं चिखलात राहू शकतो. यालाच 'ब्लू कार्बन' म्हणतात.

गाळाचं वय कसं कळतं?

शास्त्रज्ञ चिखलात नळी खुपसून उभा नमुना काढतात. त्यातलं शिसं-२१० दर २२ वर्षांनी निम्मं होतं. १९६३ च्या सुमारास अणुचाचण्यांमुळे वातावरणातून सर्वाधिक पडलेलं सिझियम-१३७ही काही ठिकाणी खुणेसारखं सापडतं. त्यावरून वर्षाला किती मिलिमीटर गाळ साठला, याचा हिशेब लागतो.

गावाचा काय संबंध?

जगात समुद्राची सरासरी पातळी सध्या वर्षाला सुमारे ४ मिलिमीटर वाढतेय. गाळ तेवढ्याच वेगानं साठला तर काठ टिकतो, नाहीतर हळूहळू पाण्याखाली जातो.

कोकणात खारे बांध घालून भातशेती राखली जाते. त्यासाठी १९७९ चा खारजमीन विकास कायदाही आहे. बांधामुळे खारं पाणी अडतं, पण नवा गाळही अडतो. आतली जमीन सुकून दबते आणि बाहेरच्या काठापेक्षा खाली राहते. मग बांधाला खांड पडली की शिरलेलं पाणी लवकर निघत नाही आणि मातीत मीठ राहतं.

बांधाबाहेर तिवरांचा पट्टा असेल, तर लाटांचा जोर आधीच कमी होतो. तिवरं तोडली किंवा काठालगत वाळू जास्त उपसली, तर तोच मार थेट बांधावर येतो. म्हणून बांधाच्या डागडुजीइतकीच बाहेरचा चिखल राखण्याचीही गरज आहे.