मलाख : निरोप्या की देवदूत?

गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावात कोतवाल दवंडी देई, तेव्हा लोक ‘तहसीलचा हुकूम आला’ म्हणत. कोतवालाचे नाव कोणी घेत नसे. हिब्रू ‘मलाख’ शब्द मला त्यामुळेच उमगला. त्याचा अर्थ निरोप घेऊन पाठवलेला. बायबलच्या ‘उत्पत्ती’त, 32व्या अध्यायात, याकोबाला देवाचे मलाख भेटतात, पाठोपाठ तो भाऊ एसावकडे आपली माणसे धाडतो, तेही मलाखच. मराठीत उतरताना एकाचा देवदूत होतो, दुसऱ्याचा नुसता जासूद. आदल्याच अध्यायात स्वप्नातला मलाख स्वतःला बेथेलचा देव म्हणवतो, कारण वाणी पाठवणाऱ्याची असते. म्हणून मलाख हे योनीचे नाव नव्हे, कामाचे आहे. पंख शोधण्याआधी निरोप कोणाचा, हे विचारावे.