मोंते कासिनोचा मठ

इटलीत रोम व नेपल्स यांच्या दरम्यान मोंते कासिनो नावाचा डोंगर आहे. इ. स. ५२९ च्या सुमारास संत बेनेडिक्त यांनी तेथे आपला मठ स्थापिला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या अखेरीस, जर्मन सैन्याने रोमची वाट याच डोंगरापाशी अडवून धरली. मठातील प्राचीन हस्तलिखिते तत्पूर्वीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आली होती, आणि तीही दोघा जर्मन अधिकाऱ्यांच्या खटपटीने! मागे राहिले ते वृद्ध मठाधिपती दियामारे, मोजके मठवासी आणि आश्रयास आलेले शेकडो खेडूत.

खालच्या उतारावर लढणाऱ्या दोस्त फौजांत चौथी हिंदी डिव्हिजन होती. मठाच्या खिडक्यांतून शत्रू आपणांस न्याहाळीत आहे, असे सैनिकांस वाटे. मरणाच्या छायेत उभ्या असलेल्या त्या माणसांना दोष देणे सोपे नाही. १९४४ च्या १५ फेब्रुवारीस दोनशेंहून अधिक विमानांनी मठ उद्ध्वस्त केला. काही बाँब हिंदी सैनिकांवरच पडले. मठात जर्मन सैनिक नव्हतेच. मेले ते आश्रित. मग त्या भग्नावशेषांतच जर्मनांनी मोर्चे बांधिले, व त्यांना तेथून हटविण्यास मे महिना उजाडला.

दोन दिवसांनी मठाधिपती लाकडी क्रूसासह उरलेल्यांना घेऊन डोंगर उतरले. संतांची समाधी मात्र ढिगाऱ्याखाली शाबूत राहिली.

मठ पूर्वीसारखाच पुन्हा बांधण्यात आला. २४ ऑक्टोबर १९६४ रोजी परमगुरू सहावे पॉल यांनी तेथील मंदिर प्रभूस अर्पण केले. डोंगराच्या पायथ्याशी युद्ध-दफनभूमी आहे.