पाहुणा आणि जागा : माहूरच्या निमित्ताने

माहूरला निघालेला माणूस ‘सहलीला चाललो’ असे सहसा म्हणत नाही. ‘देवीला जाऊन येतो’ म्हणतो. ह्या दोन बोलण्यांत जे अंतर आहे, त्याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

साडेतीन पीठांतील हे एक पूर्ण पीठ. परशुरामाने घाई केली म्हणून आईचे मुखच तेवढे भूमीवर आले, ही कथा श्रोत्यांना ठाऊक आहेच. पायऱ्या चढावयाच्या, ओटी भरावयाची, कुटलेल्या विड्याचा तांबूल प्रसाद म्हणून घ्यावयाचा, मग दत्तशिखर आणि अनसूयेचे शिखर. श्रावण पौर्णिमेला तर लोक डोंगराची पायी परिक्रमा करतात. ज्या घरांची ही कुलदेवता, त्यांत लग्नानंतर नवे जोडपे येथे आणण्याची चाल आहे.

माणसाचा जागेशी जडणारा लोभ हा अलीकडे अभ्यासाचा विषय झाला आहे. यि-फू तुआन ह्या भूगोलज्ञाने १९७४ साली ह्याच विषयावर एक ग्रंथ लिहिला. नंतरच्या अभ्यासकांनी ह्या लोभाचे दोन धागे वेगळे केले. एक गरजेचा : जे काम येथेच होते, दुसरीकडे होत नाही. दुसरा ओळखीचा : मी कोण, हे सांगताना ज्या जागेचे नाव घ्यावे लागते. आपल्या कुळाचारात हे दोन्ही धागे एकत्र वळलेले आहेत. नवस येथेच फेडावयाचा, आणि ‘आमची देवी माहूरची’ असे म्हणावयाचे. गाडीतून उतरून तासाभरात परतणाऱ्याच्या हाती मात्र छायाचित्रापलीकडे फारसे काही लागत नाही. पाय दुखले, हाताने काही केले, कोणाच्या घरी पाणी प्यालो, तरच जागा मनात घर करते.

पण आपण भक्तसुद्धा ह्या डोंगराचे एकच अंग पाहतो. पायथ्याच्या रानांत, किनवटपर्यंत, गोंड, कोलाम, आंध ह्यांची वस्ती आहे. हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका मराठी मुलखात आला आणि गोंडांच्या सोयरिकींमधून सरहद्द गेली. ज्यांच्या रानांतून आपण देवीला जातो, त्यांचे एकही गाव आपल्याला नावाने सांगता येत नाही. मला हे खटकते.

आता त्यांची ‘संस्कृती’ दाखविण्याची हौस वाढली आहे. व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, दहा मिनिटांचे नृत्य. त्यातून कलावंताला चार पैसे आणि मान मिळतो, हे मी नाकारीत नाही. आदिलाबादकडील मार्लवाईच्या कनका राजू ह्यांना घुसाडी नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु घुसाडीचे मूळ रूप वेगळे आहे. दिवाळीच्या दिवसांत मोरपिसांचे मुकुट पूजा करून बाहेर काढतात, आणि दंडारीचा मेळा एका गावाहून दुसऱ्या गावी जातो. ज्या गावांशी लग्नसंबंध आहेत किंवा जुळू शकतात, तेथे. यजमान गाव मेळ्याला जेवू घालते, रात्रभर ढोल वाजतात, आणि पुढे परतभेट द्यावयाची असते. म्हणजे येथे नाचणाराच पाहुणा आहे. पाहणारा हा यजमान आहे, आणि त्याच्यावर खर्चाचा व परतफेडीचा भार आहे. तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकावर असा कोणताच भार नसतो. म्हणून त्याला करमणूक होते, जिव्हाळा होत नाही.

असाच भार केसलापूरच्या नागोबा जत्रेतही दिसतो. हे ठिकाणही आदिलाबादकडचेच. पौष अमावास्येच्या ह्या जत्रेसाठी मेस्राम कुळाचे लोक पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात, आणि त्या पाण्याने देवाचा अभिषेक होतो. पाहावयास येणाऱ्यांना तेथे मज्जाव नाही. दुकाने, पाळणे, गर्दी, सारे असते. पण कुळाच्या नव्या सुनांची देवाशी ‘भेटिंग’ होते, ती प्रेक्षकांसाठी नव्हे. ती झाल्यावाचून सुनेला कुळाच्या पूजेत भाग घेता येत नाही. आपल्याकडे नवी सून रेणुकेच्या पायऱ्या चढते, तिला ह्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.