पाण्याचे आधण आणि विजेचा हिशेब

इ. स. १९५५ च्या डिसेंबरात दिल्लीत काविळीची मोठी साथ उद्भवली. नजफगड नाल्याचे मैलापाणी यमुनेतून उलटे सरकून वझीराबादच्या उपसा केंद्रापर्यंत पोहोचले होते. सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. अशा वेळी पाणी उकळून पिणे हा घरोघर करता येण्याजोगा उपाय होय. त्यास वीज किती लागते, हे आपण पाहू.

एक लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढविण्यास सुमारे ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यावयाचे, तर ७५ पट, म्हणजे ३१४ किलोज्यूल लागतील. विजेचे एक युनिट ३,६०० किलोज्यूलांचे. तेव्हा हा खर्च ०.०९ युनिट झाला.

आधण आल्यावर तापमान चढत नाही, तरी पाणी उष्णता शोषीतच राहते. रेणूंना परस्परांच्या आकर्षणातून सोडविण्यात ती खर्ची पडते. हीच अप्रकट उष्णता. तेवढ्याच पाण्याची संपूर्ण वाफ होण्यास आणखी सुमारे २,२५७ किलोज्यूल, म्हणजे ०.६३ युनिट लागते. पहिल्या खर्चाच्या सातपट! एक किलोवॉटच्या किटलीत आधण सुमारे सव्वापाच मिनिटांत येईल; सर्व पाणी आटण्यास पुढे साडेसदतीस मिनिटे लागतील. भांडे व हवा यांनी घेतलेली उष्णता निराळीच.

रोगजंतू मारण्यास पाणी आटवावे लागत नाही. एक मिनिटभर खळखळून उकळले म्हणजे पुरे. त्यापुढची वीज केवळ वाफेत जाते. पाण्यात विरघळलेले क्षार मात्र उकळण्याने नाहीसे होत नाहीत, हेही ध्यानी असावे.