एकापासून नऊपर्यंत चढून पुन्हा एकावर उतरणारी संख्या

अक्कलकुवा तालुक्यातील आमच्या खापर गावच्या गणितप्रेमी मंडळींसमोर आज १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या ठेवावीशी वाटते, कारण तिचे सौंदर्य केवळ दर्शनी डौलापुरते मर्यादित नाही. ती १११११११११ चा वर्ग होय. आणि १९०५ साली डहाणूस जन्मलेल्या, देवळालीच्या शाळेत अध्यापन करता करता निव्वळ कागद-पेन्सिलीच्या बळावर गणितात नवी दालने उघडणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी ज्यांना ‘डेम्लो संख्या’ म्हटले, त्या कुळातली आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. म्हणजे कापरेकरांच्याच परिभाषेत ती ‘हर्षद’ही ठरते.

परंतु खरा विस्मय पुढेच आहे. त्याच ८१ ने तिला गुणले असता ९९९९९९९९८००००००००१ हा गुणाकार येतो. त्याचे मधोमध दोन हिस्से पाडून, जमाखर्चाच्या वहीत मांडाव्या तशा त्या दोन रकमा मिळवल्या, तर ९९९९९९९९९ ही बेरीज हाती येते, आणि हा सारा गुणाकार तिचाच तर वर्ग असतो! स्वतःच्या वर्गाचे तुकडे जोडून पुन्हा स्वतःच सिद्ध होणाऱ्या अशा संख्यांना आज जगभर ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

हा गुणाकार अठरा अंकी आहे. आणि ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ नातू चांगदेवाने आपल्याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला, त्या भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त सांगितलेले अठरावे, शेवटचे स्थान म्हणजे परार्ध, ते तो नेमके गाठतो.