साप बोलत नाही, वही बोलते

कुत्रा आजारी पडला की कण्हतो, मांजर जेवण सोडते. साप मात्र धडधाकट असतानाही तासन् तास निपचित पडून राहतो आणि आजारी असतानाही. त्यामुळे पाळीव सापाचे दुखणे अनेकदा डोळ्यांना दिसण्याआधी नोंदवहीत दिसते.

अमेरिका आणि युरोपात आवडीने पाळला जाणारा ‘बॉल पायथन’ हा मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेतला छोटा अजगर. तो कधी कधी महिनोन् महिने काहीच खात नाही. हा उपास साधा की आजाराचा, हे ठरवायला वजन उपयोगी पडते. वजन जवळपास तेवढेच राहिले, तर सहसा घाबरण्याचे कारण नसते. ते सतत उतरत गेले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य गाठावा लागतो. पण वजन उतरले हे कळायला आधीचा आकडा लिहिलेला हवा.

वहीत काय लिहावे? भक्ष्य दिल्याची तारीख, त्याचे वजन, सापाने ते खाल्ले, नाकारले की ओकून टाकले. सापाचे वजन महिन्यातून एकदा, तेही खाऊ घालण्यापूर्वी. कारण पोटातला उंदीरही काट्यावर मोजला जातो. सापांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून स्वयंपाकघरातला काटा वापरू नये आणि हात साबणाने धुवावेत. कात अखंड निघाली की तुकड्यांत, हेही लिहावे. तुकडे पडले, तर पेटीतली हवा कोरडी असण्याची शक्यता जास्त. साप स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब निर्माण करत नाही. पेटी थंड पडली की पचन मंदावते. म्हणून उबदार आणि थंड, दोन्ही बाजूंचे तापमान नोंदवावे. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे किंवा नाकाशी बुडबुडे दिसणे, ही श्वसनसंसर्गाची लक्षणे असू शकतात. तेव्हा डॉक्टरांकडे सापाबरोबर वहीही न्यावी.

या नोंदी दीर्घकाळ लागतात. अमेरिकेतील सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ मध्ये आलेल्या मादी बॉल पायथनने २०२० मध्ये ७ अंडी घातली. तेव्हा तिचे वय किमान ६२ वर्षे मानले गेले.

भारतात नाग, धामण, अजगर असे देशी साप पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारखे परदेशी साप बाळगणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते; जन्म, मृत्यू आणि हस्तांतरही कळवावे लागते. त्यासाठी लागणाऱ्या तारखाही याच वहीत सापडतील.