माओरी व पक्षीय धोरणनिश्चिती

न्यूझीलंडच्या माओरी ह्या मूलनिवासी समाजाचा तेथील राजकीय पक्षांच्या धोरणे ठरविण्याच्या प्रक्रियेतील सहभाग. माओरींना संसदेत प्रवेश लवकर मिळाला, परंतु पक्षांतर्गत निर्णयांवर त्यांचा प्रभाव दीर्घकाळ अल्प राहिला. १८६७ च्या कायद्याने त्यांच्यासाठी चार जागा राखण्यात आल्या. प्रारंभी पाच वर्षांपुरती असलेली ही तरतूद १८७६ मध्ये कायम झाली. गुप्त मतदान मात्र त्यांना १९३८ मध्ये लाभले. यूरोपीय मतदारांना ते १८७० मध्येच मिळाले होते.

पक्षाशी उघड समझोता प्रथम केला, तो ताहुपोतिकी विरेमु रातना (१८७३–१९३९) ह्या धर्मसुधारकाने. २२ एप्रिल १९३६ रोजी त्याने मजूर पक्षाचा पंतप्रधान मायकेल जोझेफ सॅव्हिज ह्यास चार वस्तू भेट दिल्या. बटाटा हा गेलेल्या जमिनीचे व उपजीविकेचे प्रतीक होता, तर मोडके सोन्याचे घड्याळ जमिनीविषयीच्या मोडलेल्या वचनांचे. हिरव्या पाषाणाची ‘टिकी’ ही माओरींच्या प्रतिष्ठेची खूण होती. ह्या तिन्ही गोष्टी सॅव्हिजने पूर्ववत केल्या, तरच हुइया पक्ष्याचे पीस धारण करण्याचा मान त्याला मिळणार होता (हा पक्षी तोवर नामशेष झालेला होता). १९४३ पर्यंत चारही जागा रातनापंथीय मजूर सदस्यांकडे आल्या व १९४६ नंतर पक्षाचे बहुमत त्यांच्यावरच अवलंबून होते. तरीही माओरी व्यवहार खाते प्रथम पीटर फ्रेझर व १९५७ नंतर वॉल्टर नॅश ह्या पंतप्रधानांनी स्वतःकडेच ठेवले. एरुएरा तिरिकातेने ह्या ज्येष्ठ माओरी सदस्यास नॅशच्या मंत्रिमंडळात त्या खात्याचे केवळ सहमंत्रिपद मिळाले. संसदीय पक्षात चौघांचे मत नेहमीच अल्पमत ठरे आणि हमखास मिळणाऱ्या मतांसाठी वाटाघाटी करण्याची निकड पक्षाला भासत नसे.

माट्यू राटा ह्या माओरी मंत्र्याच्या पुढाकाराने १९७५ मध्ये वाइटांगी न्यायाधिकरण स्थापन झाले, हा ठळक अपवाद होय. तथापि राटानेही १९७९ मध्ये पक्ष सोडला. समुद्रकिनाऱ्यावरील पारंपरिक हक्कांचे दावे न्यायालयात नेण्याचा मार्ग २००३ च्या निकालाने खुला झाला होता. मजूर शासनाने २००४ मध्ये तो कायद्याने बंद केला. पक्षादेश न मानता तारियाना तुरिया ह्या मंत्री पक्षाबाहेर पडल्या व माओरी पक्ष उदयास आला. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीमुळे (१९९६ पासून) लहान पक्षांनाही सौदाशक्ती प्राप्त झाली होती. २००८ मध्ये ह्या पक्षाने नॅशनल पक्षाशी करार केला आणि २०११ मध्ये तो कायदा रद्द झाला. त्याजागी आलेला कायदाही अनेक माओरींना अपुरा वाटला.